जर्मनची होडी आणि जीवदयेची वही



आपल्या एका बहिणीचा मुलगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात नोकरीला आहे. त्याच्या शेजाऱ्याने जुनी अ‍ॅल्युमिनियमची होडी स्वस्तात घेतली. ती नीट करून हिवाळ्याच्या तोंडाशी बदकांच्या शिकारीला न्यायची, असा त्याचा बेत. आपला मुलगा हाताचा कसबी, म्हणून रविवारी मदतीला ये असे बोलावणे आले. मुलाने आईला विचारले, "मी बंदुकीला हात लावणार नाही. नुसती होडी दुरुस्त करू का?" आईने तोच प्रश्न मला विचारला. तो अनेक घरांत वेगवेगळ्या रूपाने येतो, म्हणून उत्तर इथे लिहिते.

आधी काम काय असते ते बघू. अ‍ॅल्युमिनियम म्हणजे आपले जर्मनचे पातेले. ते लोखंडासारखे गंजत नाही, पण अशा होडीचे पत्रे रिव्हेटने जोडलेले असतात आणि ते रिव्हेट वर्षांनी सैल होतात. गळती शोधायला होडी जमिनीवर ठेवून आतच पाणी भरतात. जिथून थेंब बाहेर येतो तिथे खूण करायची, रिव्हेट ठोकून घट्ट करायचा, सांध्यावर लुकण भरायचे. मागची इंजिन टांगायची फळी बहुधा कुजलेली असते, ती बदलायची. इथपर्यंत ती कोणाचीही होडी आहे. पुढचे काम मात्र वेगळे. चमक जाऊन ती बोरूच्या रंगात मिसळावी म्हणून मातकट रंग द्यायचा. कडेने नळ्यांचा सांगाडा उभारून त्यावर गवत बांधायचे, म्हणजे आतला माणूस बदकाला दिसत नाही. पडलेले पाखरू उचलून आणणाऱ्या कुत्र्यासाठी पायरी लावायची.

कोणी म्हणेल, गळती बुजवायला हरकत नाही, गवत बांधायला आहे. मला ही विभागणी पटत नाही. शेजारणीने विळी मागितली तर आपण देतो. पण "कोंबडी कापायची आहे" असे सांगून मागितली, तर तीच विळी देत नाही. हेतू आधीच सांगितलेला असला की वस्तू निष्पाप राहत नाही. आपल्याकडे कृत, कारित आणि अनुमोदित असे तिन्ही मोजतात. अनर्थदंडाच्या प्रकारांत तर हिंसेचे साधन दुसऱ्याला देणे, म्हणजे हिंसादान, वेगळे नाव घेऊन सांगितले आहे. म्हणून माझे उत्तर स्पष्ट आहे: जाऊ नये. शेजाऱ्याला कारण गोड शब्दांत सांगावे, खोटी सबब सांगू नये. दुसऱ्या कामाला, अंगणातला बर्फ काढायला म्हणा, आपणहून जावे.

पण "नाही" म्हणून हात झटकले की आपले काम संपले, असे मी म्हणणार नाही. मी बी.कॉम. केलेली बाई, वहीच्या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

त्या शेजाऱ्याच्या वहीत काय आहे बघा. अमेरिकेत सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी सरकारी 'डक स्टॅम्प' घ्यावा लागतो. हा कायदा 1934 चा. तेव्हा स्टॅम्प 1 डॉलरचा होता, आता 25 डॉलरचा आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले 98 सेंट पाणथळ जागा विकत घेण्यासाठी आणि राखण्यासाठी जातात. अशा रीतीने 60 लाख एकरांहून अधिक जागा राखली गेली आहे. शिकार करणारा पाप करतो यात मला शंका नाही. पण बदकाला उतरायला पाणी उरले, त्यात त्याचा पैसाही आहे. शिकार न करणाऱ्यालाही हा स्टॅम्प विकत घेता येतो. त्यातल्या काही जागांवर शिकारीला परवानगी असते, म्हणून आपल्या मुलाचे मन घेत नसेल तर त्याने घेऊ नये. मग त्याऐवजी तिथल्या एखाद्या तळ्यावर पक्षी मोजायला, कचरा काढायला दोन रविवार द्यावेत.

आता आपली वही उघडू. आपल्या देशात 1972 चा वन्यजीव कायदा आहे आणि 1991 च्या दुरुस्तीनंतर परवाना काढून करायची शिकारही बंद झाली. तेव्हा बदक न मारणे ही इथे कायद्याचीच गोष्ट झाली, ते काही आपले पुण्य नव्हे. जमेच्या बाजूला आपण काय मांडले?

आपला जिल्हा तलावांचा. नवेगावबांधचा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला. लोकांनी त्यांना कोलासूर देव करून काठावर बसवले. पाणी साठवणाऱ्याला देव मानणारी ही माणसे. त्याच गावचे माधवराव पाटील डोंगरवार आधी शिकारी होते. पुढे तेच वन्यजीवांचे रक्षक झाले आणि तिथल्या राष्ट्रीय उद्यानासाठी झटले. शिकारी इतका बदलतो, तर आपल्याला एक पाऊल पुढे टाकायला काय हरकत?

दिवाळीनंतर चक्रवाक, तलवार बदक, थापट्या अशी पाखरे दुरून आपल्या तलावांवर येतात. त्यांना गोळीची भीती नाही, पण तलाव गाळाने उथळ होतात आणि काठावर बेशरम माजते. अर्जुनी मोरगाव तालुक्यात धिवर समाजाच्या माणसांनी आणि बायकांनी ही बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावण्याचे काम केले आहे. ते मासे धरतात, म्हणून आपण चार हात लांब राहतो. जाळ्याला आपण पैसा देऊ नये, हे मलाही मान्य. पण वनस्पती लावणे म्हणजे जाळे टाकणे नव्हे. त्या पाण्यात मासाही वाढतो आणि बदकही. उपटण्यात एकेंद्रिय जीवांची हिंसा आहे, हे मी जाणते. घर झाडण्यात, शेत नांगरण्यातही ती आहे. संकल्पी हिंसा आणि आरंभी हिंसा यांतला फरक शास्त्राने आपल्यासाठीच सांगितला.

म्हणून माझी सूचना. पर्युषणात आपण जीवदयेसाठी जी रक्कम काढतो, तिचा एक भाग यंदा तलावासाठी ठेवू या. आधी त्या गावच्या लोकांना विचारू. त्यांना हवी असेल तर जर्मनची एक जुनी होडी घेऊन ती रिव्हेट ठोकून, लुकण भरून नीट करून देऊ. इंजिन नको, वल्ही पुरेत, कारण आवाजाने थवा उठतो. पाखरे आलेली असताना ती काठाला बांधून ठेवायची. बाकीच्या दिवसांत तिने बेशरम आणि प्लास्टिक काढायचे. होडी फक्त याच कामाला वापरायची, असे देतानाच ठरवून घ्यायचे. जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, आपल्याकडे ती 1987 पासून चालू आहे. त्या दिवशी आपल्या सुना-नातवंडांनी दुर्बीण घेऊन काठावर बसावे आणि आकडे लिहावेत.

खर्चाचा अंदाज मी मांडायला घेतला आहे. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी पुढच्या स्वाध्यायाला येताना सांगावे, आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनीही यावे. पैसा धर्माचा आहे, तर आधी बोलणे मोकळे व्हायला हवे.