दगडी अंगरख्यातला पाइप

शिकागोच्या मिशिगन अॅव्हेन्यूवर, शंभर मजली, पूर्वीच्या जॉन हॅनकॉक इमारतीपासून हाकेच्या अंतरावर, पिवळसर चुनखडीचा एक मनोरा उभा आहे. उंची १५४ फूट, अंगावर जागोजागी चिमुकले बुरूज. नाव ‘वॉटर टॉवर’. पण आत पाण्याची टाकी कधीच नव्हती. होता तो १३८ फूट उंच, ३ फूट व्यासाचा लोखंडी पाइप.

त्याची गरज पंपांमुळे पडली. शहराचं सांडपाणी नदीवाटे मिशिगन सरोवरात जायचं आणि पिण्याचं पाणीही तिथलंच. म्हणून एलिस चेसब्रो या अभियंत्याने सरोवराच्या तळाखालून दोन मैलांचा बोगदा खणून दूरवरचं स्वच्छ पाणी किनाऱ्यावर आणलं. १८६७ मध्ये तो सुरू झाला. वाफेचे पंप मात्र धक्के देत पाणी ढकलत आणि त्या हिसक्यांनी शहरातल्या जलवाहिन्यांवर ताण येई. उभ्या पाइपातलं पाणी वर-खाली होऊन हे धक्के पोटात घेई. वास्तुविशारद विल्यम बॉयिंग्टनने १८६९ मध्ये त्या पाइपाला किल्ल्याचा अंगरखा चढवला.

१८८२ मध्ये शिकागोत आलेल्या लेखक ऑस्कर वाइल्डने या सजावटीची यथेच्छ टर उडवली. समोरच्या पंपघरातली यंत्रं मात्र त्याला आवडली.

८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री शहर पेटलं. सुमारे ३०० माणसं गेली, लाखभर बेघर झाली. टॉवर वाचला, पण समोरच्या पंपघराचं छप्पर जळून कोसळलं, पंप थांबले आणि शहराचं पाणी ऐन आगीत तुटलं. पुढे शिकागोने आपल्या चिवटपणाची खूण म्हणून मिरवला तो हाच मनोरा!

१९११ मध्ये निकामी झालेला पाइपही काढला. उरला नुसता अंगरखा. १९२१ मध्ये विचिटा शहरात निघालेल्या ‘व्हाइट कॅसल’ या हॅम्बर्गरवाल्यांनी आपल्या दुकानांसाठी त्याचीच नक्कल केली. आता आत छायाचित्रांचं कलादालन आहे. भोवतालच्या चौकाला २०१४ मध्ये शहराच्या पहिल्या महिला महापौर जेन बर्न यांचं नाव मिळालं. इथली ओळखीची घोडागाडी २०२१ पासून शहरभर बंद झाली.

रस्त्यापलीकडचं पंपघर मात्र आजही शहराला पाणी पुरवतं. त्याच्याच एका भागात २००३ मध्ये ‘लुकिंगग्लास’ या नाटक कंपनीने रंगमंच थाटला. तेव्हापासून तिथे पंप आणि प्रयोग एकाच छपराखाली आले.