उत्पन्नाचा आकडा आणि आर्थिक आरोग्य

यंदाची स्मरणिका वाचकांच्या हाती देताना एका प्रश्नाचा परामर्श घेणे आम्हांस अगत्याचे वाटते. आपली माणसे एकत्र जमली की नोकरी, पगार आणि घरांच्या किमती यांवर बोलणे होतेच. अमेरिकेत आपल्या समाजाने प्रगती केली, असे आपण म्हणतो तेही बहुधा उत्पन्नाच्याच आधारे. हा निकष कितपत विश्वसनीय आहे?

अमेरिकी सरकारचे आर्थिक विश्लेषण कार्यालय दरमहा देशातील व्यक्तिगत उत्पन्नाचा आकडा प्रसिद्ध करते. पगार, धंद्याची मिळकत, भाडे, व्याज, लाभांश आणि सरकारी साहाय्य यांची ती बेरीज असते. मालकाने कामगाराच्या आरोग्यविम्यासाठी भरलेला वाटाही तीत धरला जातो. म्हणजे विमा महागून मालकाचा वाटा वाढला, तर कामगाराचे उत्पन्न कागदावर वाढते; हाती मात्र एक डॉलरही अधिक पडत नाही.

ज्वर उतरला म्हणजे रोग गेला असे नव्हे, हे आम्ही वैद्यकाच्या व्यवसायात नित्य पाहतो. एप्रिल २०२० मध्ये असेच घडले. महासाथीमुळे अमेरिकेतील बेकारी १४ टक्क्यांच्या पुढे गेली, आणि त्याच महिन्यात व्यक्तिगत उत्पन्न १० टक्क्यांहून अधिक वाढले! सरकारने प्रौढ व्यक्तीमागे १२०० डॉलरपर्यंत मदत आणि वाढीव बेकारभत्ता दिला होता, त्याचा हा परिणाम. मदत योग्यच होती. परंतु त्या आकड्यावरून अर्थव्यवस्था धडधाकट असल्याचे निदान करणे घातक ठरले असते.

दुसरा प्रश्न पैशाच्या क्रयशक्तीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला. रुपयाचे मूल्य घसरले की किमती आधी चढतात व मजुरी मागे राहते. व्यापाऱ्याला होणारा लाभ मजुराच्या पदरचा असतो, असे प्रतिपादन त्यांनी केले. ते आजही लागू आहे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतील महागाईचा वार्षिक दर ९.१ टक्के होता. त्या वर्षी पाच टक्के पगारवाढीचे पेढे वाटणाऱ्याचे खरे उत्पन्न घटलेलेच होते.

तिसरा प्रश्न आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. येथील भारतीय वंशाच्या कुटुंबांचे मध्यम उत्पन्न लाख डॉलरच्या वर आहे, याचा आपण अभिमान बाळगतो. पण एच-वन-बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, तर नवा मालक शोधण्यास वा देश सोडण्यास त्याला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. काल मोठ्या पगाराचा असलेला गृहस्थ आज घराचा हप्ता, मुलांची शाळा आणि गावी आईवडिलांना पाठवावयाचे पैसे या विवंचनेत पडतो. नोकरीबरोबर विमाही जातो. असे कुटुंब वर्गणीच्या संकोचाने कार्यक्रमांना येईनासे होते, आणि आपण मात्र ‘ते हल्ली फार कामात असतात’ अशी समजूत करून घेतो. समाजाच्या मध्यम उत्पन्नात त्याचे दुःख कोठेही उमटत नाही.

म्हणून आम्ही वाचकांना विनवितो की, पगार किती याबरोबरच तीन गोष्टी प्रत्येक घराने तपासाव्यात. पगार थांबला तर घर किती महिने चालेल? विम्याची पर्यायी सोय आहे काय? घरातील दोघांनाही जमाखर्च ठाऊक आहे काय? संघटनेनेही वर्गणीचा काही भाग संकटनिधी म्हणून राखून ठेवावा, आणि त्यातून मदत घेणाऱ्याचे नाव उघड होऊ देऊ नये. समाज किती कमावतो हे सांगणे सोपे आहे. आपल्यापैकी एकाची कमाई थांबली असता बाकीचे त्याला किती काळ सावरून धरतात, यावरच आमच्या मते समाजाचे आर्थिक आरोग्य ठरावे.