स्वस्त हातांच्या शोधात

मोटारीच्या पोटातील तारांचे जाळे आजही मुख्यतः हातांनीच विणले जाते. रंगीत तारा पाटावर मांडायच्या, टोके जोडायची, वर फीत गुंडाळायची. यंत्राला सहजी न साधणारे हे काम हात जिथे स्वस्त, तिथे जाते. ओहायो राज्यातील वॉरन हे गाव १८९० पासून पॅकार्ड इलेक्ट्रिकवर पोसलेले. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तारांची जुळणी तिथून मेक्सिकोतील हुआरेसकडे सरकू लागली. १९९४ च्या मुक्त व्यापार कराराने ती वाट अधिकच रुंद केली.

१९९९ मध्ये जनरल मोटर्सने पॅकार्डसह सुट्या भागांचा सारा पसारा 'डेल्फी' नावाने वेगळा काढला. ८ ऑक्टोबर २००५ रोजी डेल्फीने दिवाळखोरीचा अर्ज केला. तोही केवळ अमेरिकेतील कारभारापुरता. परदेशातील कारखाने त्यातून सोयिस्करपणे वगळलेले! तासाला सुमारे २७ डॉलर मिळविणाऱ्या कामगाराने निम्म्याहून कमी वेतनावर राबावे, असा व्यवस्थापनाचा आग्रह होता. अर्जाच्या तोंडावर वरिष्ठांच्या सेवासमाप्तीच्या रकमा मात्र वाढविण्यात आल्या. मार्च २००६ मध्ये तिथल्या २९ पैकी २१ कारखाने विकण्याचा वा बंद करण्याचा बेत जाहीर झाला. २००९ मध्ये तर निवृत्तिवेतनाचा भारही सरकारी विमा महामंडळावर टाकण्यात आला. संघटित कामगारांची तूट जनरल मोटर्सने भरून दिली. सुमारे २० हजार पगारदार निवृत्तांच्या वाट्याला ते संरक्षण आले नाही.

वॉरनचा कामगार आळशी नव्हता, अकुशलही नव्हता. हिशेबाच्या वहीत तो महाग ठरला, एवढाच त्याचा अपराध. कुटुंब, गाव, पिढ्यांचे कौशल्य यांना त्या वहीत रकानाच नाही.

त्याच २००५ मध्ये पुण्याच्या भारत फोर्जने मिशिगनमधील लॅन्सिंगचा फेडरल फोर्ज कारखाना विकत घेतला, तेव्हा मराठी मन सुखावले. ते स्वाभाविकच होते, कारण ते यश तंत्र आणि धाडस यांचे होते. परंतु केवळ स्वस्त मजुरीमुळे दारी आलेल्या कामाचाही तसाच जयघोष होतो, तेव्हा गफलत होते. हुआरेसलाही हे काम आंदण मिळाले नव्हते. २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत त्या सीमापट्ट्यातील अनेक कारखान्यांनी चीनची वाट धरली. आणि चाकणच्या कंत्राटी कामगाराला तर पुढल्या दिवाळीत आपण याच फाटकातून आत जाऊ की नाही, हेही ठाऊक नसते.