किल्ली लागत नसेल तर आधी एरर वाचा

आपल्या घरांतील कित्येक मुले-मुली आज संगणकाच्या नोकरीत आहेत. कंपनीचा सर्व्हर दूर कुठेतरी असतो आणि ती आपल्या टेबलावरून त्यात लॉगिन करतात. त्यासाठी एसएसएच ही पद्धत वापरतात. फिनलंडमधील एका विद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरीला गेले, तेव्हा १९९५ साली तातू इलोनेन यांनी ती तयार केली.

यात दोन फायलींची जोडी असते. 'पब्लिक की' म्हणजे कुलूप, ते सर्व्हरवर बसवायचे. 'प्रायव्हेट की' म्हणजे किल्ली, ती फक्त आपल्यापाशी ठेवायची.

नव्या नोकरीत लॉगिन होत नाही, तेव्हा मुले घाबरतात. 'याला काही येत नाही' असे साहेब म्हणतील, या भीतीने कुणी ती किल्लीच व्हॉट्सअॅपवर ओळखीच्याला पाठवून देतो. बंधू-भगिनींनो, एरर दुरुस्त होतो. पण दुसऱ्याच्या हाती गेलेली किल्ली परत येत नाही. म्हणून आधी एररचे शब्द नीट वाचावेत.

'परमिशन्स टू ओपन' असे आले, तर फाईल इतरांनाही वाचता येते, म्हणून प्रोग्रामने ती नाकारली आहे. लिनक्सवर त्या फाईलला 'सीएचमॉड ६००' ही आज्ञा द्यावी. विंडोजवर फाईलच्या सिक्युरिटी भागात फक्त आपले नाव ठेवावे.

'इनव्हॅलिड फॉरमॅट' आले, तर कॉपी करताना 'बिगिन' किंवा 'एंड'ची ओळ सुटली असेल, अथवा चुकून पब्लिक कीची फाईल दिली असेल. पुट्टी या प्रोग्रामला पीपीके फाईल लागते. पुट्टीजेनमध्ये किल्ली उघडून ती तशी सेव्ह करता येते. २०२१ मध्ये आलेल्या ०.७५ आवृत्तीपासून पीपीकेचा नमुना बदलला. त्यामुळे जुनी पुट्टी नवी फाईल वाचत नाही. ती अद्ययावत करावी.

'परमिशन डिनाइड' आणि पुढे 'पब्लिक की' आले, तर सर्व्हरने आपल्याला ओळखले नाही. युजरनेम तपासावे. आपली पब्लिक की सर्व्हरच्या 'ऑथोराइज्ड कीज' फायलीत एका सलग ओळीत आहे का, हे विचारावे.

किल्लीचा पासफ्रेज विसरला, तर तो शोधून देणारा कुणी नाही. नवी जोडी बनवावी.

मदत जरूर मागावी, त्यात कमीपणा नाही. एररचा मजकूर पाठवावा, पब्लिक कीही पाठवली तरी चालते. प्रायव्हेट की मात्र मित्राला नाही, साहेबांनाही नाही. कुणाकडे गेलीच असेल, तर त्याच दिवशी ऑफिसात सांगून जुनी पब्लिक की सर्व्हरवरून काढून घ्यावी. आई-वडिलांना यातले तंत्र कळले नाही तरी चालेल. मुलगी रात्री संगणकापुढे रडकुंडीला आली, तर 'किल्ली कुणाला दिली नाहीस ना?' एवढे विचारावे, आणि घाई न करता एरर पुन्हा वाचायला सांगावे.