होडीच्या यंत्राचा लगाम : तारेचा कीं विजेचा?

पेठच्या डोंगरांवर पडलेला पाऊस दमणगंगेंतून वाहत जाऊन दमणजवळ अरबी समुद्रास मिळतो; परंतु पाण्यावर चालणाऱ्या यंत्राशीं आपणां डोंगरी लोकांचा संबंध थोडाच येतो. नाशिकास गंगापूर धरणाच्या जलाशयावर सहलीस गेलेल्या विद्यार्थ्यांनीं तें पाहिलें असेल. वर इंजिन व खालीं पंखा असलेली, होडीच्या मागील फळीस बाहेरून अडकविलेली अशी ही मोटार असते. अमेरिकेंत ओले एव्हिनरूड ह्यांनीं ती १९०९ च्या सुमारास लोकप्रिय केली. हिचा लगाम कसा असावा, हा आजचा प्रश्न आहे.

लहान मोटारीस मागेंच दांडा असतो. तो फिरविला कीं होडी वळते, मूठ पिळली कीं वेग वाढतो. येथें वादास जागाच नाहीं. मोठ्या होडींत मात्र चालक पुढें बसतो व एका दांडीनें मोटार चालवितो. जुन्या पद्धतींत ह्या दांडीपासून मोटारीपर्यंत, सायकलीच्या ब्रेकप्रमाणें, नळींतून पोलादी तारा जातात. एक वेगाची, दुसरी गिअरची. नव्या पद्धतींत दांडी कांहींच ओढीत नाहीं. ती किती सरकली एवढें टिपून विजेचा संदेश संगणकाकडे जातो, आणि पुढचें काम मोटारीजवळील एक लहानसें विजेचें यंत्र करितें.

नव्या पद्धतीचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. दांडी बोटानें हलते, दोन-तीन मोटारी एकाच वेगानें चालतात, आणि भर वेगांत चुकून उलटा गिअर टाकिला तर कित्येक यंत्रें तो आपणच रोखून धरितात. अनेक मोटारींची मोठी होडी असेल तर मीहि हीच पद्धत घेईन.

परंतु एका मोटारीची होडी, आणि कारागीर दूर, अशी स्थिति असेल तर माझें मत जुन्या तारेच्या बाजूचें आहे. तार बिघडण्यापूर्वीं बहुधा सूचना देते. ती जड होऊं लागते, तिचे धागे उसवतात, आणि हें चालकाच्या हातास कळतें. तुटलीच तर झांकण काढून मोटारीवरील खटका हातानें सरकवितां येतो. विजेच्या जोडणींत मात्र एखाद्या खिळीवर हिरवा गंज चढला, किंवा बॅटरी उतरली, कीं चांगलें इंजिनहि आज्ञा ऐकेनासें होतें. आणि दोष शोधण्यास कंपनीचें उपकरण व तें जाणणारा माणूस लागतो. तो धरणाच्या कांठीं कोठून आणावा?

कोणी पालक म्हणतील, विमानेंहि आतां विजेच्या संदेशावर उडतात. मग होडीचेंच भय कां? एअरबस ए-३२० हें तसें प्रवासी विमान १९८८ पासून उडत आहे, हें खरें. परंतु विमानांत एक संगणक बंद पडला तर दुसरा तयार असतो, आणि उतरल्यावर तपासणारे कुशल लोक असतात. लहान होडींत बॅटरी बहुधा एकच असते. तुलना करावयाची तर ही गोष्ट सोडून करूं नये.

२०१९ च्या ऑगस्टांत सांगली-कोल्हापुरास महापुरानें वेढिलें, तेव्हां रबरी होड्यांस अशाच मोटारी लावून माणसें बाहेर काढिलीं. अशा प्रवाहांत मोटार दोन मिनिटें थांबली तरी होडी पाण्याच्या स्वाधीन होते. तेथें दांडीचा हलकेपणा कोण पाहील?

पद्धति कोणतीहि असो, चालकाच्या मनगटास एक लाल दोरी बांधलेली असावी. तो पाण्यांत पडला तर ती निसटून इंजिन आपोआप बंद होतें. पुष्कळ चालक ती खुंटीस लटकवून ठेवितात! पुढच्या सहलींत होडींत पाय ठेवण्यापूर्वीं मुलांनीं ती दोरी कोठें आहे हें पाहावें, आणि वल्हीं बरोबर घेतलीं आहेत कीं नाहींत हेंहि चालकास विचारावें.