वारांचा दोष की कोडांचा?

संपादक महोदय,

शनिवार-रविवारी ब्रिटनच्या रुग्णालयांत डॉक्टर कमी असल्याने मृत्यू वाढतात, हा आपल्या लेखाचा निष्कर्ष मान्य नाही. त्यामागचे निदानाचे कोडच (रुग्णाच्या आजारासाठी रुग्णालये नोंदवतात ते सांकेतिक क्रमांक) कच्चे आहेत. २०१६ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी पक्षाघाताचे कोड मूळ वैद्यकीय नोंदींशी ताडले. जुना पक्षाघात असलेले, पण दुसऱ्याच नियोजित उपचारासाठी आलेले अनेक रुग्ण ‘नवा पक्षाघात’ म्हणून नोंदलेले निघाले. असे रुग्ण मुख्यतः कामाच्या दिवशी दाखल होतात आणि बहुधा बरे होऊन घरी जातात. साहजिकच त्या दिवशी दाखल झालेल्यांचा मृत्युदर खाली आला! चुकीच्या नोंदी वगळल्यावर शनिवार-रविवार आणि इतर दिवसांमधला ठळक फरक उरला नाही.

शिवाय शनिवार-रविवारचे हे जास्तीचे मृत्यू टाळता आले असते असे मानणे घाईचे ठरेल, असा इशारा याच विषयावरील २०१५ च्या गाजलेल्या अभ्यासाच्या लेखकांनीच दिला होता. तो लेखातून का गाळला?

– एक वाचक, सोलापूर