तिकीट खरं, तरीही वाट्याला अश्रुधूर : पॅरिसच्या फायनलला लिव्हरपूलच्या चाहत्यांसोबत काय घडलं होतं?

28 मे 2022. युरोपियन क्लब फुटबॉलची सगळ्यांत मोठी मॅच, चॅम्पियन्स लीगची फायनल. ठिकाण होतं फ्रान्सचं राष्ट्रीय स्टेडियम 'स्टाद द फ्रान्स', समोरासमोर होते लिव्हरपूल आणि रिआल माद्रिद.

मॅच रात्री 9 वाजता सुरू होणार होती. ती सुमारे 36 मिनिटं उशिरा सुरू झाली. स्टेडियममधल्या स्क्रीनवर कारण झळकलं : चाहते उशिरा आल्यामुळे.

त्याच वेळी हातात खरं तिकीट घेतलेले हजारो चाहते बंद फाटकांबाहेर अडकून पडले होते. त्यातले अनेक जण काही तासांपूर्वीच तिथं पोहोचले होते. लहान मुलं, वयस्कर माणसं, व्हीलचेअरवरचे प्रेक्षक असे सगळेच त्या गर्दीत होते. पोलिसांनी या गर्दीवर अश्रुधूर आणि पेपर स्प्रे वापरला.

मॅच रिआल माद्रिदनं 1-0 अशी जिंकली. पण पुढचे कित्येक महिने चर्चा एकाच प्रश्नाची झाली. चूक कोणाची होती?

फायनलचा प्रवास वेगळा का असतो?

घरच्या मैदानावर नेहमी जाणाऱ्या चाहत्याला कुठल्या स्टेशनवर उतरायचं, कुठल्या गल्लीतून जायचं आणि कुठल्या फाटकानं आत शिरायचं हे पाठ असतं. फायनल बहुतेक वेळा तिसऱ्याच शहरात असते. एकाच दिवशी हजारो लोक तिथं येतात आणि त्यातल्या अनेकांनी ते स्टेडियम आधी पाहिलेलंही नसतं. त्यांचा भरवसा असतो तो पाट्यांवर, रेल्वेवर, स्वयंसेवकांवर आणि पोलिसांवर.

म्हणजे स्टेशन ते फाटक हा शेवटचा एखाद-दुसरा किलोमीटर चाहत्याच्या हातात नसतो. तो आयोजकांच्या नियोजनावर चालतो.

इंग्लंडमधलं एक साधं उदाहरण घ्या. एप्रिल 2022 मध्ये एफए कपची सेमीफायनल लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर होती. खेळणार होते लिव्हरपूल आणि मँचेस्टर सिटी, म्हणजे दोन्ही संघ वायव्य इंग्लंडमधले. त्याच ईस्टरच्या सुट्टीत रेल्वेमार्गाचं काम निघालं होतं. त्यामुळे या दोन्ही शहरांतून लंडनला थेट ट्रेन नव्हती. मॅच दुसरीकडे हलवा, अशी मागणी दोन्ही भागांच्या महापौरांनी केली. मॅच हलली नाही. फुटबॉल असोसिएशननं 100 मोफत बसगाड्या दिल्या. त्यात साधारण 5,000 लोक बसू शकत होते. वेम्बलीची क्षमता आहे 90,000.

पॅरिसमध्ये नेमकं काय बिनसलं?

ही फायनल मुळात रशियात, सेंट पीटर्सबर्गला होणार होती. फेब्रुवारी 2022 मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केल्यावर ती पॅरिसकडे आली. तयारीला मिळाले जेमतेम तीन महिने. पण गडबडीची मुख्य कारणं वेगळी होती.

- रेल्वेचा संप : स्टेडियमजवळ वेगवेगळ्या मार्गांची स्टेशनं आहेत. त्यातल्या 'आरईआर बी' या मार्गावर त्या दिवशी संप होता. त्यामुळे मोठी गर्दी 'आरईआर डी' मार्गाच्या स्टेशनवर उतरली. ती गर्दी दुसऱ्या वाटांकडे वळवली गेली नाही.

- अरुंद वाट : तिथून येणाऱ्या लोकांना हायवेच्या पुलाजवळच्या चिंचोळ्या जागेतून जावं लागत होतं. त्याच जागी तिकिटांची पहिली तपासणी होती. पोलिसांच्या उभ्या गाड्यांमुळे वाट आणखी आवळली गेली.

- तिकीट तपासणी : लिव्हरपूलच्या चाहत्यांकडे कागदी तिकिटं होती आणि ती खास पेननं तपासली जात होती. यात काही खरी तिकिटंही बनावट ठरवली गेल्याच्या तक्रारी आल्या. लिव्हरपूलचा खेळाडू अँडी रॉबर्टसन यानं तर सांगितलं की, क्लबमार्फत त्यानं दिलेलं तिकीटही त्याच्या मित्राच्या हातात बनावट ठरवण्यात आलं.

- बंद फाटकं : चेंगराचेंगरीची भीती वाढल्यावर पहिली तपासणी उठवली गेली. मग बिनतिकीट लोकही थेट फाटकांपर्यंत पोहोचले. त्यानंतर फाटकंच बंद झाली. मागून लोक येतच होते आणि पुढे जायला जागा नव्हती.

मॅच संपल्यावरही त्रास थांबला नाही. परतीच्या वाटेवर दोन्ही संघांच्या चाहत्यांना टोळक्यांनी लुटलं, मारहाण केली.

40,000 की 2,589?

फ्रान्सचे तत्कालीन गृहमंत्री जेराल्ड दारमानॅं यांनी दोन दिवसांनी पत्रकार परिषद घेतली. लिव्हरपूलचे 30,000 ते 40,000 चाहते तिकिटाशिवाय किंवा बनावट तिकिटं घेऊन आले होते, असा दावा त्यांनी केला.

पण फाटकांवरच्या यंत्रांत नोंदवली गेलेली बनावट तिकिटं होती 2,589. हा आकडा छोटा नाही. पण मंत्र्यांच्या दाव्याच्या आसपासही तो जात नाही.

फ्रान्सच्या सिनेटनं चौकशी केली, तेव्हा आणखी एक गोष्ट पुढे आली. स्टेडियमच्या सीसीटीव्हीचं चित्रण सात दिवसांनी आपोआप पुसलं गेलं होतं, कारण ते जपून ठेवा असं कोणी वेळेत सांगितलंच नव्हतं. जुलै 2022 च्या अहवालात सिनेटनं अपयशाचं खापर चाहत्यांवर न फोडता नियोजनावर फोडलं. दारमानॅं यांनी नंतर चाहत्यांची माफी मागितली.

युरोपियन फुटबॉलची संघटना युएफानं स्वतंत्र समिती नेमली होती. तिचा अहवाल फेब्रुवारी 2023 मध्ये आला. जवळजवळ मोठी दुर्घटना घडवणाऱ्या या अपयशाची मुख्य जबाबदारी खुद्द युएफाचीच आहे, असं त्यात म्हटलं होतं. कोणाचा जीव गेला नाही हेच विशेष, असंही समितीनं नोंदवलं. चाहत्यांनी दाखवलेल्या संयमामुळे बहुधा मोठा अनर्थ टळला, असा तिचा निष्कर्ष होता.

पुढच्याच महिन्यात युएफानं लिव्हरपूलच्या वाट्याच्या सर्व 19,618 तिकिटांचे पैसे परत करण्याची घोषणा केली.

लिव्हरपूलला हे आधीपासून ठाऊक का होतं?

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कपच्या सेमीफायनलला चेंगराचेंगरी झाली. त्यात लिव्हरपूलच्या 97 चाहत्यांचा जीव गेला. बाहेरची गर्दी कमी करण्यासाठी पोलिसांनीच एक मोठं फाटक उघडायला लावलं होतं. पण 'चाहत्यांनी फाटक तोडलं' असं सांगण्यात आलं. उशिरा आलेले, दारू प्यायलेले, बिनतिकीट लोक, अशी त्यांची प्रतिमा उभी केली गेली. या चाहत्यांचा दोष नव्हता, हे ज्युरीनं स्पष्ट सांगायला 2016 साल उजाडलं.

म्हणूनच स्क्रीनवरचं 'चाहते उशिरा आले' हे वाक्य लिव्हरपूलच्या लोकांना इतकं लागलं. त्यांच्या शहरानं हेच 27 वर्षं ऐकलं होतं.

चाहत्यांची चूक कधीच नसते का?

तसंही नाही. 11 जुलै 2021 रोजी वेम्बलीवर इंग्लंड आणि इटली यांच्यात युरो स्पर्धेची फायनल झाली. त्या वेळी सुमारे 2,000 लोक तिकिटाशिवाय आत घुसले. दिव्यांगांसाठीच्या प्रवेशद्वारांवरही जमाव चालून गेला. चौकशी करणाऱ्या लुईस केसी यांनी अशा लोकांना मुळीच पाठीशी घातलं नाही. पण असा धोका असताना तयारी अपुरी होती, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे लिहिलं.

म्हणजे बिनतिकीट लोक येणार, हे आयोजकांनी गृहीत धरायलाच हवं. त्यांना स्टेडियमपासून लांबवरच, मोकळ्या जागेत अडवायचं असतं. अरुंद वाटेवर किंवा फाटकाच्या तोंडाशी अडवलं तर शिक्षा तिकीट काढून आलेल्यांनाच होते.

यातून काय बदललं?

युएफानं समितीच्या शिफारशींवर काम करण्याचं आश्वासन दिलं. पण अहवालानंतर चारच महिन्यांनी, जून 2023 मध्ये, इस्तंबूलच्या फायनललाही चाहत्यांनी प्रवासाचे हाल सोसले. शहराबाहेरच्या स्टेडियमपर्यंत बसमध्ये तासन् तास अडकून पडल्याच्या, पिण्याचं पाणी न मिळाल्याच्या तक्रारी आल्या.

यापुढे कुठल्याही मोठ्या मॅचनंतर 'गर्दी बेशिस्त होती' असं कानावर आलं, तर काही प्रश्न जरूर विचारा. लोक कुठल्या स्टेशनवर उतरले? तिथून वाटा किती होत्या? फाटकं कधी बंद झाली? आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवलंय का? पॅरिसच्या रात्रीचं सत्य पुढे आलं ते याच प्रश्नांमुळे. सुरुवातीच्या पत्रकार परिषदेवर विश्वास ठेवला असता, तर आजही दोष चाहत्यांच्याच माथी राहिला असता.